जुन्या चासीवर नवी बॉडी : हे काम घ्यावे की न घ्यावे?

शोरूममधली जीप परवडत नाही, पण जीपसारखी दिसणारी गाडी दारात उभी राहावी, अशी हौस असलेला गिऱ्हाईक प्रत्येक गॅरेजमध्ये कधी ना कधी येतोच. त्याने कुठून तरी जुनी जिप्सी किंवा सुमो स्वस्तात घेतलेली असते. कुर्ल्याच्या भंगार बाजारातून एखादी जुनी बॉडी आणायची, ती या चासीवर बसवायची, रंग मारायचा, रुंद टायर घालायचे आणि निम्म्याहून कमी पैशांत शहरात कुणाकडे नसेल अशी गाडी तयार करायची, असा त्याचा हिशेब असतो. पेण-रोह्याच्या आमच्या मिस्त्री बांधवांना अशा कामाचा मोह पडतो. रोजच्या डेंटिंग-पेंटिंगपेक्षा यात मजुरी जास्त असते आणि नावही होते.

आमचे मत प्रथमच सांगून टाकतो. रस्त्यावर चालवायच्या मोटारीसाठी हे काम आज घेऊ नये. आमच्या कारागिरांना ते जमणार नाही, असे आम्हाला मुळीच म्हणायचे नाही. जमते, म्हणूनच ते अडकतात.

आधी कामाचेच पाहू. मोटारी दोन जातीच्या असतात. पहिल्या जातीत खाली शिडीसारखी वेगळी चासी असते. दोन लांब रूळ, मध्ये आडवे तुकडे, त्यावर इंजिन, गिअर बॉक्स, ॲक्सल आणि वर रबराच्या गाद्यांवर बोल्टने बसवलेली बॉडी. महिंद्राची जीप, बोलेरो, टाटा सुमो, टेम्पो ट्रॅक्स, मारुती जिप्सी या या जातीच्या. बोल्ट सोडले, वायरिंग, स्टिअरिंग आणि ब्रेकच्या नळ्या मोकळ्या केल्या की बॉडी उचलता येते. दुसऱ्या जातीत वेगळी चासी नसतेच. पत्र्याचा सांगाडा, तळ, छत, खांब मिळूनच गाडीची ताकद. मारुती ८००, ओम्नी, अँबॅसडर, प्रीमियर पद्मिनी या सर्व या जातीच्या. 'मारुतीची चासी काढून द्या' असे सांगणाऱ्या गिऱ्हाइकाला तिथेच थांबवावे. काढायला तिथे काही नाही.

मुंबईत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाली. तेव्हापासून तिच्याविषयी लोकांचे प्रेम वाढले आहे. समजा, एखाद्याला पद्मिनीची बॉडी जिप्सीच्या चासीवर हवी आहे. पद्मिनीचा व्हीलबेस २३४० मिलिमीटर, जिप्सीचा २३७५. फरक केवळ ३५ मिलिमीटरचा, म्हणून हौशी माणूस खूष होतो. पण खरे काम त्यानंतर सुरू होते. पद्मिनीचा तळ हा तिचा कणा आहे. चासीचे रूळ आत घेण्यासाठी तो कापला की दारांच्या खालच्या पट्ट्या सैल पडतात, दारे लागेनाशी होतात, काचेला तडा जातो. तळ न कापता बॉडी तशीच वर ठेवली तर गाडी वीतभर उंच होते, वजन वर जाते आणि वळणावर ती झुकते. स्टिअरिंगचा दांडा वेगळ्या कोनात येतो. पेडल, हँडब्रेक, गिअरचा दांडा, पेट्रोलची टाकी, एकही वस्तू आपल्या जागी येत नाही. मारुती ८००ची बॉडी असेल तर तिचा व्हीलबेस २१७५, म्हणजे तब्बल २०० मिलिमीटर कमी. आठ इंच. एक तर दार कापा, नाही तर चासी कापा.

चासी कापण्याविषयी आमच्या जुन्या उस्तादांचा नियम होता, की रुळाच्या वरच्या-खालच्या कडेला ना भोक पाडायचे, ना वेल्डिंगचा टाका घालायचा. ट्रक बनवणाऱ्या कंपन्याही बॉडी बिल्डरला हेच सांगतात. रुळावर वाकण्याचा सर्वांत जास्त ताण या कडांवर येतो. गॅसची आच लागली की लोखंडाचा गुण तिथे बदलतो आणि तडा नेमका टाक्याच्या शेजारी जातो, टाक्यावर नव्हे. त्यात आपले कोकण. खाडीच्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात रूळ आतून खाल्ला जातो, बाहेरून रंग चकचकीत असतो. हातोडीने ठोकून आवाज ऐकल्याशिवाय जुनी चासी विकत घेऊ नये, हे नवशिक्या शागीर्दालाही माहीत असते. 'स्वस्त' म्हणून आलेल्या चासीचे अर्धे रूळ बदलावे लागले की बजेट कुठे राहिले?

आता कायद्याचे बोलू. इथेच आमचे बांधव फसतात.

पूर्वी अशा गाड्या पासिंग होत असत, असे जुने मिस्त्री सांगतात. त्यांचे म्हणणे खरे आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील ५२ व्या कलमात मूळ तरतूद अशी होती, की मालकाने आर.टी.ओ.ला कळवून मंजुरी घेतली तर गाडीत फेरफार करता येई. जीपची मागची बाजू लांबवलेली, छत बदललेली अशी वाहने त्या काळात रीतसर चालत. सन २००० मध्ये हे कलम बदलले. आर.सी. बुकातील तपशील कंपनीने मुळात ठरवलेल्या तपशिलाशी जुळला पाहिजे, असे ते आता सांगते. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात या कलमाचा अर्थ आणखी पक्का केला : कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येणार नाही. तेव्हा 'पूर्वी होत होते' हा दाखला आज कामाचा नाही.

२०१९ च्या दुरुस्तीने १८२-अ हे कलम नव्याने लिहिले. त्यानुसार बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. बहुतेकांना एवढेच ठाऊक असते, म्हणून मिस्त्री म्हणतो, 'दंड मालकाचा, आपले काय जाते?' बंधूंनो, याच कलमाचा पहिला भाग वाचा. बांधणीच्या नियमांविरुद्ध वाहन विकणारा, देणारा किंवा त्यात फेरफार करणारा उत्पादक, आयातदार अथवा 'डीलर' असेल तर एक वर्षापर्यंत कैद किंवा प्रत्येक वाहनामागे १ लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. आणि डीलर कोण? याच कायद्याच्या दुसऱ्या कलमातील व्याख्येत चासीवर बॉडी बांधणारा आणि मोटारी दुरुस्त करणारा, दोघांचाही समावेश आहे. म्हणजे शोरूमवाला शेठच नव्हे, पत्र्याच्या शेडमध्ये बसलेला आपला मिस्त्रीही कायद्याच्या भाषेत डीलर ठरतो. मजुरी मिळते काही हजार आणि जोखीम लाखाची.

शिवाय पैशांचे गणित पाहा. आपल्या जिल्ह्याचे, म्हणजे एम.एच.-०६ चे आर.टी.ओ. कार्यालय पेणलाच आहे. गाडी तिथे नूतनीकरणासाठी गेली आणि आर.सी. बुकात लिहिलेल्या बॉडीऐवजी वेगळीच बॉडी दिसली, तर ती परत येते. गिऱ्हाईक उरलेली मजुरी देत नाही. गाडी गॅरेजच्या दारात पावसात कुजते आणि जागा अडवते. रस्त्यावर अपघात झालाच, तर विमा कंपनी पहिला प्रश्न बदलाविषयीच विचारते, आणि मालक मिस्त्रीचे नाव सांगून मोकळा होतो.

हौशी गिऱ्हाईक या वेळी हमखास सांगलीच्या दत्तात्रय लोहार यांचे नाव घेतो. देवराष्ट्रे गावच्या या कारागिराने मुलाच्या हट्टासाठी भंगाराच्या सुट्या भागांतून, सुमारे ६० हजार रुपयांत, किक मारून सुरू होणारी छोटी चारचाकी बनवली. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रा यांनी तिचे कौतुक केले आणि जानेवारी २०२२ मध्ये त्या गाडीच्या बदल्यात लोहारांना नवी बोलेरो मिळाली. आम्हालाही त्या कारागिरीचा अभिमान वाटला. पण ही गाडी नियमांत बसत नाही, आज ना उद्या अधिकारी ती थांबवतील, हे खुद्द महिंद्रांनीच तेव्हा म्हटले होते. प्रत्येक मिस्त्रीच्या दारी बोलेरो येणार नाही. (महिंद्रा कंपनीचा प्रारंभ १९४५ मध्ये 'महिंद्रा अँड मोहम्मद' या नावाने झाला होता आणि १९४८ मध्ये नाव बदलले, हे आमच्या तरुण वाचकांपैकी फार थोड्यांना माहीत असेल.)

मग चासीवर बॉडी बदलण्याचे काम कुणीच करत नाही काय? करतात, आणि मोठ्या प्रमाणावर करतात. आपल्या एस.टी.ने जुन्या बसच्या चासीवरून अल्युमिनियमची बॉडी उतरवून माइल्ड स्टीलची नवी बॉडी चढवण्याचे काम दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथील स्वतःच्या कार्यशाळांत केले. काम तेच. फरक एवढाच, की तिथे मंजूर नकाशा असतो, बस बॉडीसाठी ठरवून दिलेले मानक असते आणि तपासणी असते. ट्रक-टेम्पोच्या नव्या चासीवर बॉडी बांधणाऱ्यासाठीही कायद्यात जागा आहे. कंपनी आणि बॉडी बिल्डर या दोघांनी भरायचा फॉर्म २२-अ त्यासाठीच आहे.

आमच्या मते पेण-रोह्याच्या कारागिरांची रोजी या बाजूला आहे. धाटावच्या औद्योगिक वसाहतीतून माल सतत निघतो, मालवाहू गाड्यांचे हौदे, फाळके, ताडपत्रीचे सांगाडे यांचे काम संपत नाही. पेण आणि हमरापूरच्या गणेशमूर्ती हंगामात टेम्पोने लांब लांब जातात. मूर्तीला हादरा बसू नये म्हणून काढता-घालता येणारे गादीचे मजले कुणी नीट बनवले तर कारखानदार ते आनंदाने घेतील, आणि काढता येणाऱ्या सामानाने बॉडी बदलत नाही. मासळीसाठी थंडी टिकवणाऱ्या पेट्यांचेही तसेच. मान्यताप्राप्त सी.एन.जी. किंवा विजेचा संच बसवण्याला ५२ व्या कलमातच सूट आहे. मात्र संच मंजूर हवा आणि बसवणाऱ्याकडे अधिकृत परवानगी हवी.

जुन्या गाड्यांच्या शौकिनांसाठी २०२१ चे विंटेज नियम आहेत. ५० वर्षांपेक्षा जुन्या गाडीला 'व्ही.ए.' मालिकेचा खास नंबर मिळतो, नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये. पण अट अशी, की चासी, बॉडी आणि इंजिन मूळचे असावे, त्यात मोठा फेरफार नसावा. म्हणजे इथेही बॉडी बदलून चालत नाही, मूळ बॉडी जपण्याचेच काम आहे. आणि पत्रा ठोकून जुना आकार पुन्हा आणणारे हात आता दुर्मिळ झाले आहेत, त्याची किंमत मिस्त्रीने ओळखून सांगावी.

असे असले तरी कायद्याविषयी आमची तक्रार आहेच. अमेरिकेत ब्रूस मेयर्स यांनी फोक्सवॅगन बीटलचा तळ आखूड करून त्यावर फायबरची बॉडी बसवली आणि त्यातून घरगुती मोटारींचा एक उद्योगच उभा राहिला. ब्रिटनमध्ये १९९८ पासून हौशी माणसाने बांधलेली एकेक मोटार तपासून तिला नंबर देण्याची सोय आहे. फेरफार केलेल्या गाड्यांसाठी तिथे दीर्घकाळ गुणांची पद्धत चालली. मूळ चासीला ५ गुण, ॲक्सल, गिअर बॉक्स, सस्पेन्शन आणि स्टिअरिंगला प्रत्येकी २, इंजिनला १. आठ गुण भरले तर जुना नंबर कायम. ब्रेक, दिवे, स्टिअरिंग तपासा, नापास झाली तर परत पाठवा, पण तपासा तरी! आपल्याकडचा मार्ग नमुना वाहनाच्या मंजुरीचा आहे. तो हजारो गाड्या काढणाऱ्या कारखान्याला परवडतो, एक गाडी बांधणाऱ्याला नाही. वाहन तपासणारी मोठी संस्था पुण्यात, आपल्यापासून घाट चढला की हाकेच्या अंतरावर आहे. एकेका गाडीची तपासणी माफक फीमध्ये तिथे का होऊ नये? पेण, रोहे, नागोठणे, कोलाड येथील गॅरेजवाल्यांनी एकत्र येऊन असा अर्ज परिवहन खात्याकडे द्यावा. आमच्या पानावर त्यास जागा मिळेल.

तोपर्यंत निदान एक करा. कोणतीही जुनी गाडी कामाला घेताना आर.सी. बुकाची प्रत आधी ठेवून घ्या, चासीवर कोरलेला नंबर स्वतः पुसून वाचा आणि तो बुकाशी ताडून पाहा, बँकेचा बोजा आहे का ते बघा. नंबरच्या जागी घासल्याची, नवा पत्रा डकवल्याची किंवा ताज्या टाक्याची खूण दिसली तर बयाणा कितीही मोठा असो, परत करा. चोरीचा माल जाणूनबुजून ठेवणाऱ्याला भारतीय न्याय संहितेचे ३१७ वे कलम लागते, आणि 'मला माहीत नव्हते' हे पोलीस ठाण्यात पटवून देण्यात किती दिवस धंदा बंद राहतो, ते ज्यांच्यावर वेळ आली त्यांना विचारा. काय काम करायचे, काय नाही, हे कागदावर लिहून गिऱ्हाइकाची सही घ्या. जवळचा नातलग असला तरी घ्या.