पेन्शन हाच ज्यांचा सातबारा

मार्च 2023 मध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्यातले कर्मचारी आणि शिक्षक सात दिवस संपावर होते. 'आम्हाला नोकरीच नाही, यांना पेन्शन कशाला?' असे म्हणणाऱ्यांत आपलेही तरुण होते. त्यांचा राग आम्ही समजू शकतो, पण तो चुकीच्या माणसांवर निघाला. आपल्या बहुतेक शिक्षकांच्या घरात वडिलोपार्जित शेती नाही, दुकान नाही. गुरुजींच्या पगारावरच धाकटी भावंडे शिकली, पुण्यात मुलांच्या स्पर्धा परीक्षेची खोली निघाली आणि विहाराची वर्गणीही गेली. हा पगार वयाच्या 58 व्या वर्षी थांबतो.

1 नोव्हेंबर 2005 ही तारीख इथे निर्णायक आहे. त्याआधी लागलेल्यांना शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी पेन्शन आणि वर महागाई भत्ता. नंतरच्यांच्या पगारातून 10 टक्के कपात, आणि पेन्शन किती मिळणार ते बाजारावर. 2024 मध्ये सरकारने सुधारित योजना आणली, म्हणजे जुनी मागणी अवाजवी नव्हती हे एका अर्थी मान्यच केले.

सगळ्यात अवघड अवस्था विनाअनुदानित शाळेत लागलेल्यांची. नेमणूक 2005 च्या आधीची, पण शाळेला शंभर टक्के अनुदान नंतर मिळाले, म्हणून जुनी पेन्शन नाही. वर्षानुवर्षे नाममात्र मानधनावर शिकवले, ती सेवा पेन्शनसाठी धरायची की नाही यावर कोर्टकचेऱ्या झाल्या. काहींची शाळा तर अजून टप्पा अनुदानावरच आहे. अनुदान पूर्ण होण्याआधी निवृत्तीच येते. शाळा चालवायची जबाबदारी सरकारने झटकली, त्याची किंमत हे शिक्षक म्हातारपणी मोजतात.

त्यात 1 सप्टेंबर 2025 चा सर्वोच्च न्यायालयाचा टीईटी निकाल. पहिली ते आठवीच्या ज्या शिक्षकांची पाच वर्षांहून जास्त सेवा उरली आहे, त्यांना दोन वर्षांत परीक्षा पास व्हायला सांगितले. पन्नाशीतला शिक्षक आज मुलाच्या वयाच्या उमेदवारांसोबत अभ्यासाला बसतो आहे. (गुणवत्ता हवीच, पण नेमणुकीच्या वेळी ही अट नव्हती.)

संघटना लढतीलच. आपण एवढे करू: सुट्टीत गावी गेलो की घरातल्या किंवा वस्तीतल्या शिक्षकासोबत बसून सेवापुस्तक, वैयक्तिक मान्यतेचे पत्र, कपातीच्या पावत्या आणि वारस नोंद तपासू. यातला एक कागद नसला तरी प्रस्ताव अडतो, आणि तो मिळवायला निवृत्तीनंतर हेलपाटे घालण्यापेक्षा नोकरीत असतानाच अर्ज देणे सोपे जाते.