लोणारच्या गाळाची साक्ष

पाऊस लांबला कीं आमच्या शहरांतील वडीलधारी माणसें १९७२ सालच्या दुष्काळाची गोष्ट काढतात. 'असा दुष्काळ पूर्वीं कधीं पडला नव्हता,' हें त्या गोष्टीचें ठरलेलें शेवटचें वाक्य. त्या सालीं लोकांनीं जें सोसलें त्याविषयीं पूर्ण आदर बाळगूनही मला हें वाक्य खरें वाटत नाहीं. आणि माझा साक्षीदार फार दूर नाहीं. तो शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यांत, लोणार सरोवराच्या तळाशीं पडून आहे.

उल्केच्या आघातानें काळ्या खडकांत पडलेला हा खळगा सुमारें १.८ किलोमीटर रुंद आहे. झरे व पावसाचे ओहोळ त्यांत येतात. बाहेर वाहून जाण्यास मात्र पाण्याला वाट नाहीं. पाऊस भरपूर झाला कीं तळें चढतें, उणा पडला कीं उन्हानें आटतें व खारेपणा वाढतो. वाहून आलेली माती थरावर थर अशी तळाशीं बसत जाते. पाणी फार आटलें म्हणजे त्या चिखलांतच गेल्युसाइट नांवाच्या क्षाराचे स्फटिक बनतात. म्हणून ज्या थरांत हे स्फटिक, त्या काळीं पाणी उतरलेलें, असें वाचतां येतें.

२००८ सालीं भारतीय व जर्मन संशोधकांनीं येथून सुमारें १० मीटर लांबीचा गाळाचा स्तंभ काढला. थरांतील वनस्पतींच्या अवशेषांमधील कर्बावरून त्यांचें वय ठरविलें. सर्वांत खालचा गाळ सुमारें अकरा हजार वर्षांपूर्वींचा निघाला. केवळ पाण्याच्या उंचीवरून पावसाचा निवाडा करणें धोक्याचें, कारण झऱ्यांचेंही पाणी त्यांत असतें. म्हणून गाळाचा पोत, क्षार व वनस्पतींच्या खुणा अशा अनेक साक्षी ताडून पाहिल्या. त्यांवरून पाऊस दीर्घकाळ मंदावल्याचे दोन कालखंड दिसले: एक सुमारें ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वींचा, दुसरा २००० ते ६०० वर्षांपूर्वींचा.

वेरूळचीं लेणीं ह्या दुसऱ्या कालखंडांतच खोदलीं गेलीं! चौदाशे वर्षें थेंबही पडला नाहीं, असा ह्याचा अर्थ नव्हे. चांगलीं सालें मधून मधून आलींच असतील. पण लेण्यांजवळ कातळांत पाण्याचीं टांकींही खोदलेलीं आहेत, आणि हें सर्व वाचल्यापासून मला त्या टांक्यांचें शिल्पांइतकेंच कौतुक वाटूं लागलें आहे.

आपण मात्र एका वाईट सालाची तजवीज करतों आणि स्वस्थ बसतों. विंधन विहीर आणखी खोल नेतों, उंसाला पाणी सोडतों, आणि पुढील मृगाकडे डोळे लावतों. पाण्याचा हिशेब मांडणाऱ्यांनीं शंभर-दीडशे वर्षांच्या पर्जन्यमापकांच्या नोंदींवर न थांबतां हा गाळही पुढ्यांत घ्यावा, असें माझें स्पष्ट मत आहे.

त्यासाठीं तो गाळ शुद्ध राहिला पाहिजे. जून २०२० मध्यें तेथील पाणी गुलाबी झालें, तेव्हां सारा देश त्याचीं चित्रें पाहूं लागला. तळच्या चिखलाची विचारपूस फारशी कोणीं केली नाहीं. त्याच वर्षीं सरोवर रामसर यादींत गेलें, ही समाधानाची गोष्ट. पण सांडपाणी यादी वाचून थांबत नाहीं.

शाळेची सहल नेहमीं वेरूळला जाते. यंदा ती लोणारला न्यावी, अशी माझी सूचना आहे. मात्र काठावरचा चिखल कोणीं बाटलींत भरून आणूं नये.