जुनीं गाणीं व घरचे आवाज

घाटनांदूर येथील कोणत्याही वयस्कर गृहस्थांजवळ रेडिओचा विषय काढावा, कीं त्यांची कळी खुलते. बुधवारीं रात्रीं आठ वाजतां रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' लागे, खरखरींतून अमीन सायानी यांचा आवाज वर येई आणि ओसरीवरचीं माणसें गप्प होत. संच महाग, शिवाय पोस्टांत दरसाल परवान्याची फी भरावयाची, तेव्हां एका घरच्या संचावर सारी आळी ऐके. "तशीं गाणीं आतां होत नाहींत," असें म्हणून हे गृहस्थ सुस्कारा टाकतात. मुलें मनांत हंसतात व आपापलीं गाणीं कानांत घालून बसतात.

ह्या वादांत आम्ही वडीलधाऱ्यांच्या बाजूस सर्वस्वीं नाहीं. १९५२ सालीं नभोवाणी खातें ज्यांच्याकडे आलें, ते बाळकृष्ण विश्वनाथ केसकर मराठी गृहस्थच होते. चित्रपटगीतांनीं लोकांची अभिरुचि बिघडते, ह्या समजुतीनें त्यांच्या कारकीर्दींत आकाशवाणीवरून तीं जवळजवळ हद्दपार झालीं. श्रोत्यांनीं सिलोनची वाट धरली. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत 'गीतमाला' सुरू झाली, आणि अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजीं आकाशवाणीस 'विविध भारती' काढावी लागली. म्हणजे आज ज्या गाण्यांच्या सोज्ज्वळपणाचे गोडवे आपण गातों, तींच त्या काळच्या वडीलधाऱ्यांस सवंग वाटत होतीं! वडील वाचकांनीं रागावूं नये.

तथापि त्यांची हळहळ अगदींच पोकळ नव्हे. १ एप्रिल १९५५ रोजीं, रामनवमीस, पुणें केंद्रावरून 'गीतरामायण' सुरू झालें. ग. दि. माडगूळकर यांचें काव्य, सुधीर फडके यांच्या चाली. आठवड्यास एक गीत, असें वर्षभर चालून ५६ गीतें झालीं. एक गीत ऐकावयाचें आणि पुढच्यासाठीं सात दिवस थांबावयाचें. हें थांबणें व तें एकत्र ऐकणें गेलें, हें आम्हांसही मान्य आहे.

आमच्या मराठवाड्याची कथा थोडी निराळी. निजामाच्या राज्यांत हैदराबाद व औरंगाबाद येथें नभोवाणी केंद्रें होतीं. १९५० मध्यें तीं आकाशवाणीकडे आलीं. १९५६ सालीं पुणें केंद्रानें पांच जिल्ह्यांतील १५० गांवीं शेतकऱ्यांचीं श्रोतेमंडळें स्थापिलीं. कार्यक्रम ऐकावा, त्यावर चर्चा करावी आणि आपल्या शंका केंद्रास कळवाव्या, अशी योजना होती. ऐकणाऱ्याचें ऐकणारा रेडिओ! परंतु आमचा मुलूख १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यांत होता. त्या पांच जिल्ह्यांत तो नव्हता. पुढें परभणी व बीड येथें केंद्रें झालीं, तेव्हां आपल्या बोलीचा हेल यंत्रांतून ऐकूं येऊं लागला.

आतां आमचें खरें म्हणणें. चित्रपटगीतांसाठीं डोळे ओले करण्याचें कारण नाहीं. तीं बोटाच्या एका स्पर्शासरशीं मिळतात. बुडत आहे तें दुसरेंच. पिठाची गिरणी आली, जातें कोपऱ्यांत गेलें, आणि जात्यावरची ओवी मुकी झाली. हेमा राईरकर व गी पॉइटवां यांनीं सुमारें हजार गांवें हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. एवढ्या ओव्या जमल्या, म्हणून आपल्या आजीच्या त्यांत आल्याच असतील, असें समजूं नये.

म्हणून विद्यार्थ्यांस आमची विनंति आहे. ह्या उन्हाळ्याच्या सुट्टींत आजीजवळ बसावें, तिची संमति घेऊन मोबाइलवर तिच्या ओव्या ध्वनिमुद्रित कराव्या. ती "मेलं, मला काय येतंय" म्हणेल. तरी उठूं नये. पालकांनींही अभ्यास बुडतो म्हणून आडकाठी करूं नये. मात्र आरंभीं ओवी सांगणारीचें नांव, गांव व तारीख मोठ्यानें बोलून घ्यावी. नाहींतर दहा वर्षांनीं हा आवाज कोणाचा, हें घरांत कोणासच सांगतां येणार नाहीं.