तिच्या वतीने बोलू नका

मानसिक आजारातून उठलेल्या माणसाच्या वतीने घरच्यांनी बोलणं थांबवावं, असं माझं स्पष्ट मत आहे. प्रेमापोटी बोलतो, हे मान्य. तरीही.

माझ्या धाकट्या जावेला दोन वर्षांपूर्वी सायकोसिस झाला. भास, संशय, रात्र रात्र जागरण. औषधांनी ते थांबलं. आता घरातलं बरंच काम ती करते, पण बोलणं फार कमी झालं आहे. विचारलं की उत्तर यायला वेळ लागतो, कधी वाक्य अर्ध्यावरच राहतं. एकदा म्हणाली, "ताई, डोक्यात असतं हो. पण शब्द सापडेपर्यंत तुम्ही सगळे पुढे गेलेले असता."

येणाऱ्याजाणाऱ्या बायका म्हणतात, "किती शांत झाली! मौनच धरलंय जणू." हे कौतुक मला खटकतं. मौन आपण आपल्या इच्छेने घेतो आणि वेळ झाली की सोडतो. हिचं बोलणं अडतं आहे. त्यात व्रत कुठून आलं?

याला आजारही कारण असतो. भास गेले तरी बोलणं आटणं मागे राहू शकतं. दुसरं कारण औषध. या गोळ्या मेंदूतल्या डोपामिनचं काम कमी करतात, म्हणून भास आवरतात. पण अंगाच्या हालचालीला, उत्साहालाही तेच डोपामिन लागतं. त्यामुळे काहींना गुंगी येते, चेहरा ताठ होतो, विचार संथ चालतात. यातलं पहिलं औषध क्लोरप्रोमझिन. 1952 साली पॅरिसच्या सेंट-ॲन रुग्णालयात दिले आणि डेनिकेर या डॉक्टरांनी त्याचा परिणाम नोंदवला, तेव्हाच लिहिलं होतं की रुग्ण बहुतेक वेळ गप्प असतो, विचारल्यावर उशिरा, संथपणे आणि मोजक्या शब्दांत उत्तर देतो. इतकी जुनी माहिती, आणि आपण घरात तिला "हट्टी" म्हणतो!

म्हणून गोळ्या बंद करा, असं मी मुळीच म्हणत नाही. मनाने बंद केल्या तर आजार उलटण्याचा धोका असतो. डॉक्टर प्रमाण कमी करू शकतात, औषध बदलू शकतात. पण त्यांना कळायला तर हवं! दवाखान्यात पाच मिनिटं मिळतात. डॉक्टर तिला विचारतात आणि उत्तर सासूबाई देतात, "बरी आहे हो, काही त्रास देत नाही." त्रास न देणं म्हणजे बरं असणं का?

आता आम्ही एक वही केली आहे. भेटीच्या आदल्या संध्याकाळी ती स्वतः त्यात लिहिते. मागच्या वेळी दोनच ओळी लिहिल्या, त्यालाही तासभर लागला: "मालिकेतली गोष्ट कळते. सांगायला गेले की सुटते." डॉक्टरांनी वाचलं, चार प्रश्न तिलाच विचारले आणि रात्रीची मात्रा थोडी उतरवली. फरक आहे, पण थोडा. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातही, निर्णय घेण्याची क्षमता असलेल्या रुग्णाला आपल्या उपचारांबद्दल ठरवण्याचा हक्क आहे. मग दोन ओळी स्वतः सांगण्याचा नको?

पुढच्या भेटीत तिने एकटीने आत जायचं, असं आमच्या दोघींचं ठरलं आहे. तेवढा वेळ सासूबाईंना बाहेरच्या बाकावर कसं बसवायचं, ते मात्र अजून सुचलेलं नाही.