फसव्या डावाची गोडी

बुद्धिबळातील काही डाव खरोखर बळकट असतात. काही केवळ तसे भासतात. या दुसऱ्या प्रकाराची ओढ तरुणांस अधिक, आणि ३ वा ५ मिनिटांच्या जलद डावांचा प्रसार झाल्यापासून ती फारच वाढली आहे. मुलांनी असले डाव शिकावेत की नाही, हा वडीलधाऱ्यांचा प्रश्न आम्हांस रास्त वाटतो.

उदाहरणादाखल स्वीडनच्या एंग्लुंड यांच्या नावाने ओळखला जाणारा गॅम्बिट घेऊ. पांढरा वजिरापुढचे प्यादे दोन घरे सारतो. काळा लगेच राजापुढचे प्यादे दोन घरे सारून ते बळी देऊ करतो. (आपल्या जुन्या देशी पद्धतीत प्यादे एकच घर चाले, तेथे हे संभवतच नसे.) पांढरा प्यादे मारतो. काळा वजिराकडील घोडा काढतो, पांढरा राजाकडील. मग काळा वजीर राजापुढे येऊन बसतो. दिलेले प्यादे राखावे म्हणून पांढरा उंट बाहेर आणतो, आणि काळा वजीर शह देत त्याच उंटावर नजर ठेवतो. उंट शहाआड परततो. काळा वजीर पांढऱ्या हत्तीशेजारच्या घोड्यापुढील प्यादे गट्ट करतो.

येथेच सापळा आहे. त्या वजिराला हुसकावण्यासाठी उंट एक घर पुढे न्यावा, असे कोणासही सुचते. पण काळा आपला उंट त्याच्यासमोर आणतो; पांढरा उंट राजापुढे जखडला जातो, आणि वजिराचा आधार देऊनही आठव्या खेळीस मात होते. याऐवजी उंटाच्या जागी घोडा पुढे आणला, तर मात टळते, काळ्या वजिराचीच धावपळ होते आणि पांढऱ्याचे वर्चस्व स्पष्ट दिसते. म्हणजे डाव मुळात लंगडा आहे. परंतु ते शोधण्यास वेळ लागतो, आणि जलद डावात वेळच नसतो. काळ्याने प्यादे देऊन विकत घेतलेली वस्तू ती हीच.

यात अधर्म नाही. सर्व मोहरी उघड्यावर असतात. फसणारा स्वतःच्या घाईने फसतो. आमची चिंता निराळी आहे. ज्याला आठ खेळ्यांत जिंकण्याची चटक लागली, तो नववी खेळी शिकत नाही. एकदा फसलेला मित्र दुसऱ्यांदा घोडा काढतो, आणि मग आपल्या पोराजवळ सांगण्यासारखे काही उरत नाही.

म्हणून मनाई करू नये, अट घालावी. जो सापळा लावायचा, तो आधी पांढऱ्या बाजूने बसून स्वतःच मोडून दाखवावा. जलद डावात तो खुशाल खेळावा. निवांत, लांब डावात मात्र बळकट मार्गच धरावा. एवढे पाळले, तर लंगडा डावही चांगला गुरू ठरतो.