हसा, पण किती तास ते विचारा

बंगळुरूच्या निम्हान्समधल्या दोन डॉक्टरांनी शाळेतल्या २०० मुलांना विचारलं, दिवसातून किती वेळा नाकात बोट घालता? जवळजवळ सगळ्यांनी कबुली दिली. २००१ साली या डॉक्टरांना इग्नोबेल मिळालं. पुढच्या वर्षी ते केरळ कृषी विद्यापीठातल्या दोघांना मिळालं, हत्तीच्या कातडीचं क्षेत्रफळ काढल्याबद्दल. गावात हे सांगितलं की ठरलेला प्रश्न येतो, “काय भो, याचा पगार मिळतो?”

हसायला माझी ना नाही. आधी हसवणाऱ्या आणि मग विचारात पाडणाऱ्या कामासाठीच ते बक्षीस आहे. हत्ती अंगातली उष्णता कातडीतून बाहेर टाकतो, मग कातडी किती हे कळायला नको? आपण मात्र हसून उठून जातो, आणि चीड येते ती त्याची.

माझं गाव सोनगीर. तांब्या-पितळेच्या भांड्यांचं. ‘तांब्याच्या भांड्यातलं पाणी प्या, पूर्वजांना सगळं ठाऊक होतं’ हा फॉरवर्ड इथे रोज फिरतो. ठाऊक असेल. मोजलं कोणी? २००५ मध्ये इंग्लंडच्या नॉर्थम्ब्रिया विद्यापीठातल्या रॉब रीड यांनी भारतीय सहकाऱ्यांसोबत पितळी भांड्यांत जंतू सोडून पाहिले; ४८ तासांत ते सापडेनासे झाले. २०१२ मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी तांब्याच्या भांड्यांतल्या पाण्यात कॉलराचे, जुलाबाचे जंतू मिसळले. १६ तासांनी एकही हाती लागला नाही. मुद्दाम घाण पाणी भरायचं आणि घड्याळ बघत बसायचं! नाकात बोट मोजण्याइतकंच हास्यास्पद काम. फॉरवर्डमधल्या अभिमानाला आधार मिळाला तो यातून.

आणि फॉरवर्डला अजून बरंच ठाऊक नाही. स्वयंपाकाच्या पितळी पातेल्याला आतून कल्हई असते, म्हणजे कथलाचा थर. पाणी पितळेला लागतच नाही. मग त्यात जंतू मरतात का? मे महिन्यात आमच्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा सोळा तासांचे दहा होतात का? चिंचेने लख्ख घासलेली घागर बरी की काळवंडलेली? बी.एस्सी.च्या पोरांना एका सत्रात जमेल असं हे काम. त्याऐवजी प्रोजेक्ट म्हणजे मागच्या बॅचची फाईल आणि नवं मुखपृष्ठ. तिला मार्क मिळतात, तिच्यावर कोणी हसत नाही.

कुणाला मोजायचं असेल तर या. काळवंडलेली एक घागर माझ्या माळ्यावर आहे, कल्हईचं पातेलं शेजारून मागून आणतो.