टाळेबंदीचा हुकूम आणि मदतीचा हक्क
महाराष्ट्राला साथरोग मदत कायदा का हवा, याविषयी नागरिकांसाठी पत्रक

13 एप्रिल 2021 रोजी तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी दुसऱ्या दिवशी रात्री आठपासून राज्यभर संचारबंदी जाहीर केली आणि त्याच भाषणात 5,476 कोटी रुपयांच्या मदतीची घोषणा केली. आकडा मोठा असल्यामुळे वृत्तपत्रांच्या मथळ्यांत तोच झळकला. मात्र त्यातले सुमारे 3,300 कोटी रुपये जिल्हा पातळीवरील कोविड सुविधांसाठी, म्हणजे खाटा, औषधे आणि प्राणवायू यांसाठी होते, हे सांगण्याची तसदी फारशी कोणी घेतली नाही. रुग्णांवरील उपचारांचा खर्च हे शासनाचे नित्याचे कर्तव्य असून बाजारपेठा उघड्या असत्या तरी तो करावाच लागला असता, म्हणून रोजगार बुडाल्याची भरपाई या सदरात तो मोडत नाही. उरलेली सव्वादोन हजार कोटींच्या आतली रक्कम अकरा-बारा कोटी लोकसंख्येच्या राज्यात कोणाला, किती आणि कोणत्या अटींवर मिळाली, हे तपासले की त्या मथळ्याखाली काय दडले होते ते दिसते.

प्रथम धान्याचा हिशेब. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याखालील राज्यातील 7 कोटी लाभार्थ्यांना एक महिना प्रतिव्यक्ती 3 किलो गहू आणि 2 किलो तांदूळ मोफत देण्याचे जाहीर झाले. हे धान्य त्यांना एरवीही रास्त भाव दुकानातून मिळतच होते, गहू 2 रुपये आणि तांदूळ 3 रुपये किलोने. त्यामुळे ‘मोफत’ या शब्दाने एका माणसाचे महिन्याला नेमके 12 रुपये वाचले. शिवाय 7 कोटींची ही मर्यादा 2011 च्या जनगणनेवर बेतलेली आहे आणि शहरी भागात वार्षिक 59,000 रुपयांहून थोडेही अधिक उत्पन्न दाखवणारे कुटुंब त्या यादीत बसत नाही. महिन्याला पाच-सहा हजार कमावणारे केशरी शिधापत्रिकेवरचे कुटुंब शासनाच्या लेखी खाऊनपिऊन सुखी ठरते आणि संचारबंदीत त्याची चूल कशावर पेटली, हा प्रश्न कोणत्याही तक्त्यात येत नाही.

निराधार योजनांच्या सुमारे 35 लाख लाभार्थ्यांना जाहीर झालेले 1,000 रुपये हे त्यांच्या नेहमीच्या मासिक निवृत्तिवेतनाएवढेच होते आणि ते आगाऊ द्यायचे होते. आदिवासी कुटुंबांसाठीच्या 2,000 रुपयांची गोष्ट आणखी बोलकी आहे. खावटी योजना, म्हणजे पावसाळ्यात हाताला काम नसते त्या काळात आदिवासी कुटुंबांना जगण्यासाठी दिले जाणारे साहाय्य, 2020 मध्येच पुन्हा मंजूर झाली होती आणि तीत अर्धी रक्कम रोख व अर्धी कडधान्य, डाळ, तेल, मीठ अशा वस्तूंच्या रूपाने द्यायची होती. पहिल्या लाटेत मंजूर झालेली मदत दुसऱ्या लाटेच्या पॅकेजमध्ये पुन्हा मोजली गेली, तेव्हा दुर्गम पाड्यांवरील कुटुंबांच्या पदरात नवे काय पडले, याचे उत्तर घोषणा करणाऱ्यांनी द्यावयास हवे होते.

यापेक्षाही गंभीर दोष ‘नोंदणीकृत’ या अटीत आहे. बांधकाम कामगार, घरेलू कामगार, फेरीवाले आणि रिक्षाचालक यांना प्रत्येकी 1,500 रुपये मिळावयाचे होते; ते वर्षाला 90 दिवस काम केल्याचा दाखला सादर करून कल्याणकारी मंडळात नाव टिकवणाऱ्या बांधकाम कामगाराला, दरवर्षी नूतनीकरण करून नोंद ‘जीवित’ ठेवणाऱ्या मोलकरणीला आणि परवाना स्वतःच्या नावावर असलेल्या रिक्षाचालकाला. नाक्यावर उभा राहून रोज नवा ठेकेदार शोधणाऱ्या मजुराने 90 दिवसांचा दाखला कोणाकडे मागायचा, हे मंडळाने कधी स्पष्ट केलेले नाही. रिक्षाच्या बाबतीत ऑनलाइन अर्जात वाहन क्रमांक, अनुज्ञप्ती क्रमांक आणि आधार क्रमांक भरावयाचा होता. राज्यातील शहरांत असंख्य रिक्षा मालक स्वतः चालवत नाहीत. दुसरा माणूस पाळीवर, ठरलेले भाडे मालकाला देऊन, त्या चालवतो. रस्ते ओस पडल्यावर ज्याची कमाई सर्वांत आधी बुडाली तो हा पाळीवाला चालक, कारण परवान्यावर त्याचे नाव नव्हते, अर्जाच्या पहिल्याच पानावर अडला. फेरीवाल्यांबाबत घोषणेने 5 लाख ही संख्या धरली. 2014 च्या पथविक्रेता कायद्याने फेरीवाल्यांना सामावून घेण्याची कमाल मर्यादा शहरी लोकसंख्येच्या अडीच टक्के ठरवली आहे, आणि 2011 च्या जनगणनेनुसार राज्याची शहरी लोकसंख्या 5 कोटींहून अधिक असल्याने ती मर्यादा साडेबारा लाखांच्या वर जाते. प्रत्यक्ष फेरीवाले किती, हे सांगणारे सर्वेक्षण वेळेवर पूर्ण करणे ही नगरपालिका-महापालिकांची कायदेशीर जबाबदारी होती. ती त्यांनी टाळली आणि त्याची शिक्षा भाजीच्या हातगाडीवाल्याने भोगली.

आणि ज्यांना 1,500 रुपये मिळाले त्यांचे तरी काय झाले? त्या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला 248 रुपये होती. म्हणजे शासनाने स्वतःच ठरवलेल्या, मुळात तुटपुंज्या दराने पाहिले तरी सहा दिवसांची मजुरी हातावर ठेवून निर्बंध मात्र सात आठवड्यांच्या आसपास चालले.

या सगळ्यात कागदाची अट नसलेली एक गोष्ट होती, ती शिवभोजन थाळी. दोन चपात्या, एक भाजी, वरण आणि भात एवढे ताट शिधापत्रिका किंवा दाखला न मागता, भुकेला माणूस केंद्रावर आला एवढ्याच आधारावर मिळत होते आणि त्या काळात ते मोफतही झाले. दिवसाला 2 लाख थाळ्यांची ही योजना अपुरी होती, परंतु तिचे तत्त्व बरोबर होते.

पॅकेजमधील हा दोष एका मंत्रिमंडळाचा किंवा एका पक्षाचा म्हणून सोडून देता येत नाही, कारण त्याचे मूळ कायद्यात आहे. मुंबईत 1896 मध्ये प्लेग आला आणि फेब्रुवारी 1897 मध्ये घाईघाईने साथरोग कायदा करण्यात आला. मूळ कायद्यात कलमे अवघी चार, नाव, अधिकार, दंड आणि अधिकाऱ्यांना संरक्षण. त्या अधिकारांचा वापर पुण्यात कसा झाला आणि त्याचे पर्यवसान प्लेग अधिकारी रँडच्या वधात कसे झाले, हे महाराष्ट्राला सांगावे लागत नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की त्याच परकीय सरकारने 1880 च्या आयोगानंतर दुष्काळासाठी प्रांतवार संहिता तयार केल्या होत्या, ज्यांत दुष्काळाची लक्षणे कोणती, कामे केव्हा सुरू करावयाची, मजुरी किती द्यावयाची आणि काम करू न शकणाऱ्यांना अन्न कसे पुरवायचे हे लिहिलेले होते. दुष्काळासाठी कर्तव्ये आणि साथीसाठी केवळ अधिकार, ही विभागणी स्वतंत्र भारतानेही तशीच चालू ठेवली.

आजही महाराष्ट्रात दुष्काळ जाहीर झाला की जमीन महसुलात सूट, सहकारी कर्जांचे पुनर्गठन, कृषिपंपांच्या वीजबिलात 33.5 टक्के सवलत, विद्यार्थ्यांचे परीक्षा शुल्क माफ आणि टँकरने पाणी हे उपाय ठरलेल्या क्रमाने लागू होतात. पूर्वी पैसेवारी, म्हणजे पिकाच्या अपेक्षित उत्पन्नाशी प्रत्यक्ष उत्पन्नाचे प्रमाण, आणि अलीकडे पाऊस, पिकांची स्थिती व जमिनीतील ओलावा हे निकष त्यासाठी वापरले जातात. या निकषांवरून भांडणे होतात, मदतही अनेकदा वरातीमागून घोडे अशी येते. तरी शेतकऱ्याला ‘निकषानुसार द्या’ असे म्हणता येते. साथीत सरकारी आदेशाने दुकान बंद ठेवणाऱ्याला तेवढेही म्हणता येत नाही.

2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याचे कलम 12 याला अपवाद ठरू शकले असते. आपद्‌ग्रस्तांसाठी मदतीचे किमान मापदंड ठरवण्याची जबाबदारी ते राष्ट्रीय प्राधिकरणावर टाकत होते आणि त्यात मृत्यूबद्दलच्या सानुग्रह साहाय्याबरोबर उपजीविकेचे साधन पुन्हा उभे करण्यासाठीचे साहाय्यही नमूद होते. सर्वोच्च न्यायालयाने 30 जून 2021 रोजी हे कलम बंधनकारक असल्याचा निर्वाळा दिला, त्यानंतरच कोविड मृत्यूंसाठी 50,000 रुपयांची रक्कम ठरली आणि महाराष्ट्रानेही ती देऊ केली. न्यायालयाने कान धरल्यावर मृतांच्या वारसांना मिळाले. जिवंतांच्या बुडालेल्या रोजगाराचा उल्लेख त्याच कलमात असूनही तो तसाच राहिला.

तिजोरीत पैसा नाही, हा आक्षेप नेहमीचा. महाराष्ट्राने मात्र त्याचे उत्तर पन्नास वर्षांपूर्वीच शोधले होते. 1972 च्या दुष्काळातून रोजगार हमी योजना उभी राहिली, तिच्यासाठी 1975 पासून पगारदार व व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवला गेला, राज्याने त्यात आपला वाटा घालण्याचे मान्य केले आणि 26 जानेवारी 1979 पासून काम मागण्याचा कायदेशीर हक्क अमलात आला. त्या काळचा महाराष्ट्र आजच्यापेक्षा खूपच गरीब होता. गैरप्रकार होतील, हा दुसरा आक्षेप खोटा नाही, पण एखादा अपात्र माणूस पंधराशे रुपये घेऊन जाईल या भीतीपोटी दहा पात्रांना उपाशी ठेवणारी दक्षता राज्याला शोभणारी नाही.

म्हणून राज्य विधिमंडळाने स्वतंत्र साथरोग मदत कायदा करावा. आरोग्याच्या कारणासाठी रोजगार बंद करणाऱ्या कोणत्याही आदेशातच मदतीची रक्कम आणि तारीख लिहिलेली असावी. त्याशिवाय तो आदेश लागू होऊ नये. रक्कम रोजगार हमीच्या चालू दरापेक्षा कमी नसावी आणि बंदीचे जितके दिवस तितक्या दिवसांची असावी. पुरावा म्हणून राहत्या प्रभागातील वा ग्रामपंचायतीतील स्वयंघोषणापत्र पुरेसे मानावे, आणि बंदीच्या काळात धान्य शिधापत्रिकेचा रंग न पाहता द्यावे. केरळने एप्रिल 2020 मध्ये सर्व शिधापत्रिकाधारकांना धान्य-किराण्याचे संच देऊन हे होऊ शकते हे दाखवले आहे.

प्रत्येक ग्रामसभेने आणि प्रभागातील नागरिकांनी या मागणीचा ठराव करून आपल्या मतदारसंघाच्या आमदाराकडे द्यावा, त्याची पोच घ्यावी आणि पुढील अधिवेशनात तो हे विधेयक मांडणार की नाही, हे त्याच्याकडून लेखी मागावे.